मस्कतला काय रेट?

आमच्या चुलत आत्याला फसवून नंतर सुखानं जेवला असेल, असा माणूस अख्ख्या सोलापुरात मला अजून भेटलेला नाही. मूळची ती मंगळवेढ्याकडची. नवरा गेल्यावर शहरात आली, आमच्या मागच्याच गल्लीत राहिली आणि कडक भाकरी थापून हॉटेलांना पुरवू लागली. तोवर तिचं वैर होतं ते फक्त दुकानदारांच्या वजनकाट्याशी. पण एकुलता एक मुलगा दत्ता मस्कतला क्रेन चालवायला गेला आणि तिच्या आयुष्यात मोबाइल कंपन्या आल्या. दत्ता राहायचा त्या कामगारांच्या कॅम्पात इंटरनेटवरचे फुकट कॉल लागत नसत. साधा परदेशी फोनच करावा लागे, आणि तो कुणाकडून स्वस्त पडतो याचा शोध आत्या मुलीला स्थळ बघावं तशा चिकाटीनं घेई.

रिचार्जची दुकानं ती भाजीमंडईसारखी फिरायची. "मस्कतला काय रेट?" हा पहिला प्रश्न. "आन वरचं काय?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सगळे द्यायचे. दुसऱ्याला दुकानदाराची नजर पंख्याकडे जायची. "वरचं म्हंजी, कर कुनी भरायचा? एक मिनिट आन एक सेकंद बोललं तर दोन मिनिटं धरनार का?" एकानं तिला "आजी, एवढं कोण बघतं?" असं विचारायची चूक केली. "कोन बगत न्हाय म्हनूनच बारीक लिवत्यात की!" असं म्हणून आत्यानं भिंतीवरच्या जाहिरातीच्या तळाशी, मुंग्यांची रांग वाटावी अशा अक्षरांवर बोट ठेवलं आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ती मोठ्यानं वाचायला लावली. गिऱ्हाईक रिचार्ज न करताच निघून गेलं. पुढं त्या दुकानात आत्याला चहा मिळू लागला, तिनं बोलू नये म्हणून. लग्नाकार्यातही तिला दुसरा विषय नसे. माझ्या पुतणीच्या हळदीला सगळ्याजणी नवरीच्या कानात काहीबाही कुजबुजत होत्या, हिनं विचारलं, "सासरचं सिम कंच्या कंपनीचं हाय गं?"

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आत्या आमच्या ओट्यावर बसून दत्ताशी बोलत होती. मस्कतला फोनशिवायही ऐकू जावं, एवढ्या आवाजात ती बोले. फोन स्पीकरवर होता. दत्ता सांगत होता, "आई, परवापासनं छातीत दुकतंय, म्हनून दवाखान्यात..." आणि फोन कट झाला. तुमच्या खात्यात पुरेशी रक्कम नाही, असं एक बाई गोड आवाजात सांगू लागली. रिचार्ज तर आत्यानं सकाळीच केलं होतं. मी घाईघाईनं माझ्या मोबाइलवरून तिच्या नंबरवर पैसे टाकले, पण तोवर दत्ताचा फोन लागेना. त्या रात्री आत्यानं पाण्याला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. दुखणं पित्ताचं होतं, डॉक्टरांनी गोळ्या देऊन परत पाठवलं होतं, आणि दवाखान्यात फोनची बॅटरी उतरली होती. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "जपून ऱ्हा बाबा," म्हणाली. मग डोळे पुसले, धुतलेलं लुगडं नेसली आणि मला म्हणाली, "चल."

कंपनीच्या ऑफिसात काउंटरवरच्या मुलीनं नंबर तपासला. "आजी, तुमच्या नंबरवर कॉलर ट्यून आहे, आणि रोजचं राशिभविष्य. त्याचे पैसे कापले गेलेत."

आत्याला फोन लावला की कानावर एक फार लाडिक प्रेमगीत यायचं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ते तिनंच हौसेनं लावलंय असं समजून विचारायची हिंमत कुणी केली नव्हती.

"मी कवा मागितलं?"

"तुमच्याकडून बटण दाबलं गेलं असेल. नियम आणि अटींमध्ये सगळं लिहिलेलं असतं."

"मग वाच."

मुलगी हसली. आत्या हसली नाही. तिनं खुर्ची ओढली आणि मांडी घालून बसली. "समदं वाच. मराठीत वाच. माजं लेकरू छातीत दुकतंय म्हनत हुतं, तवा तुमी माजं भविष्य सांगायचं पैसं कापलं. मग ही गोष्ट भविष्यात का न्हाय सांगितली?"

मुलगी वाचू लागली. मागची रांग आधी कुरकुरली, मग ऐकू लागली. एक रिक्षावाला पुढं सरकला, "अम्मा, मेरा भी देखनेकू बोलो ना!" त्याच्या नंबरवर क्रिकेटच्या बातम्या निघाल्या. एका कॉलेजच्या मुलीच्या नंबरवर दररोजचे विनोद निघाले. त्यातला एकही तिला आठवत नव्हता. कल्ला ऐकून काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आले. "आजी, आत या, बसून बोलू."

"पैसं कापताना आत बोलवलं न्हवतं. हितंच बोला."

मॅनेजर तिथंच बोलले. पैसे परत आले, प्रेमगीत थांबलं, आणि नको असलेल्या सेवा बंद कशा करायच्या याची पाटी काउंटरवर लागली. अक्षर केवढं असावं हे आत्यानं सांगितलं, "माज्या चष्म्याबिगर दिसलं पायजे." पाटी लागेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.

हे सगळं मी दत्ताला कळवलं. तेव्हापासून तो आईला फोन करू देत नाही, स्वतःच तिकडून करतो. आत्याची दुकानं फिरणं थांबलं. चहा देणारा तो दुकानदार परवा मला थांबवून म्हणाला, "आजी बऱ्या आहेत ना?" त्याच्या आवाजात खरोखरच काळजी होती.

घरी जाताना मी तिच्याकडे डोकावलो. ती चुलीपुढं बसली होती.

"आत्या, दत्ताला तिकडून काय रेट पडतो गं?"

"फुकट हाय म्हनतुया."

"तुला खरं वाटतं?"

"न्हाय की." तिनं भाकरी उलटली. "पर म्या इचारत न्हाय. रेट कळला की फोन लवकर ठेवावा वाटंल."