समुद्राने नेलेले बूट

ती घटना आठवली की आजही माझे पाय बूट चाचपडतात. निजामी अमल होता. कळमनुरीच्या ठाण्यात मी अमीन, म्हणजे ठाणेदार होतो. डोंगरकडा गावचे दोन जिवलग शेतकरी सुगी उरकून कोकणात समुद्र बघायला गेले आणि परत आला एकच. दुसरा पुढे रामेश्वरला गेला, असे त्याने सांगितले. महिन्याने खबऱ्याने बातमी आणली, की परतलेल्याने घरात काहीतरी दडवले आहे. झडती घेतली, तर हरवलेल्याच्या वहाणा याच्याच माळ्यावर! हरवलेल्याची बायको रोज ठाण्यात येऊन विचारी, "साहेब, कुंकू ठिवू का पुसू?"

"खरं बोल," मी आरोपीला दरडावले.

"पाणी लई दूर व्हतं साहेब. त्यो वाळूतून चालत खडकावर गेला, वहाणा माह्यापाशी. तेवढ्यात पाणी चढलं. हाका मारल्या, त्यो दिसंना. भावजयीला काय सांगू, म्हणून खोटं बोललो."

"पाऊस होता?"

"न्हाई."

"मग पाणी कसं चढलं?"

"मला काय ठाव? पर चढलं बराबर."

आमच्या कयाधू नदीचे पाणी पावसाशिवाय बोटभर चढत नाही. याने खूनच केला, असे मी धरून चाललो. हा फासावर जाणार होता. पण खोटे बोलणारा रोज जबाबात थोडी भर घालतो, हा तीन दिवस एक शब्द बदलेना. शेवटी परवानगी काढून त्याला आणि हवालदाराला घेऊन ती जागा बघायला निघालो. खरे सांगायचे तर समुद्र मलाही बघायचा होता.

रस्ता संपल्यावर दोन कोस चालून किनारा लागला. माणूस नाही, नुसती पांढरी वाळू आणि निळे पाणी. मी इतका खूश झालो की बूट वाळूत काढून खडकापर्यंत शिंपले वेचत गेलो. हवालदार ओरडला तेव्हा मागे वळलो. गुडघाभर पाण्यातून कसाबसा परतलो, तर बूट गायब.

आरोपी शांतपणे म्हणाला, "साहेब, पाऊस हाय का?"

जवळच्या वाडीत एक कोळीण आमच्यावर मनसोक्त हसली. "भरती ती! दिवसातून दोनदा येते. मागे तुमच्यासारखाच एक खडकावर अडकलेला, आमच्या होडीने काढला. त्या बागेत शिंपणं करतो."

बागेतल्या माणसाने आम्हाला बघून घागर टाकली. "आरं, तू मला हुडकताना बुडलास ना? तुह्या बायकोला कसं तोंड दावू, म्हणून हितंच राह्यलो!"

"मी कशाला बुडतो? बुडला तर तू!"

दोघे गळ्यात पडून रडले. हवालदाराने आरोपीच्या हातांचा दोर सोडला, मी सांगायच्या आधीच. माझेही डोळे भरले. मुद्देमाल म्हणून सोबत आणलेल्या वहाणा त्यांच्या मालकाने माझ्यापुढे ठेवल्या, "घाला साहेब, अनवाणी कुठवर जाता?"

त्याच घालून परतलो. ठाण्याच्या दारात त्या बाईचे कुंकू ठसठशीत होते. आपण पाहिले नाही ते खोटे, ही माझी खोड त्या दिवसापासून गेली.

रोजनाम्यात लिहिले, 'पाणी चढून सरकारी बूट समुद्राने नेले.' महिन्याने वरिष्ठांचा शेरा आला : 'पाऊस नसताना पाणी कसे चढले, याचा खुलासा करावा.'