न झालेल्या ऑपरेशनचे कागद

झालेल्या गोष्टीचा पुरावा देता येतो. जन्म झाला, दाखला आहे. दहावी झाली, मार्कशीट आहे. पण जी गोष्ट झालीच नाही तिचा कागद कुठून आणायचा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्या उन्हाळ्यात मी एका न झालेल्या ऑपरेशनचे कागद शोधत अमरावती-अकोला पालथं घातलं. डोकं इतकं तापलं होतं की बाहेरचं ऊन जाणवत नव्हतं.

मला विमान चालवायचं होतं, तेही हवाई दलाचं. त्यासाठी आधी पाच दिवसांच्या चाचण्या आणि मुलाखती असतात, त्यातून मी निघाले. माझ्या खोलीतल्या बाकीच्या मुली पहिल्याच दिवशी बॅगा उचलून परत गेल्या होत्या. मग वैद्यकीय तपासणी. डोळे पाहिले, कान पाहिले, दात मोजले, बसल्यावर किती उंच दिसते आणि पाय किती लांब आहेत तेही मोजलं. सगळं ठीक. शेवटच्या दिवशी सर्जन बाईंनी पोट तपासायला झोपवलं.

माझ्या पोटावर बेंबीच्या उजवीकडे एक डाग आहे. करंगळीएवढी आडवी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक ठिपके. मला तो इतका सवयीचा की आंघोळ करतानाही दिसत नाही.

“ये कौन सा ऑपरेशन है?” बाईंनी विचारलं.

“ऑपरेशन नहीं मॅडम. बचपन में गरम दूध गिरा था.”

आयुष्यभर मी हेच उत्तर दिलं होतं, कारण आईनं मला हेच सांगितलं होतं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “दूध टाँके भी लगाता है?”

झालं. निकालपत्रावर शेरा आला: तात्पुरती अपात्र, पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण, कागदपत्रं सादर केलेली नाहीत. सहा आठवड्यांच्या आत दिल्लीच्या लष्करी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं. येताना एकतर ऑपरेशनचे कागद आणायचे, नाहीतर ऑपरेशन झालंच नाही असं सरकारी सर्जनचं सर्टिफिकेट. पुढच्या खेपेला अर्ज करू म्हणावं, तर तोवर माझं वय उलटत होतं. म्हणजे हीच शेवटची संधी, आणि ती एका रेघेवर अडली होती.

अमरावतीला घरी आले तर मामानं आधीच सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलेलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. समोरच्या काकू विचारून गेल्या, “काय वो कॅप्टन, आमाले कधी बसवतं विमानात?” मी म्हटलं, आधी मी बसते, मग पाहू.

माझे बाबा वकील आहेत आणि आई हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवते. आईबद्दल एक सांगायलाच हवं. दर हिवाळ्यात ती शाळेतली पोरं घेऊन चिखलदऱ्याच्या वाटेवरच्या गावांमध्ये जायची. लेकराला डागू नका, बिब्बा लावू नका, आधी दवाखान्यात न्या, असं चावडीवर उभं राहून सांगायची. तक्ते मी रंगवून द्यायचे. आमच्या गल्लीत कुणाच्या बाळाला साधी काजळाची तीट लावलेली दिसली तरी ती दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढं जात नसे. लोक तिला वचकून असत, आणि मला त्याचा अभिमान होता.

मी तिला निकालपत्र दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, “सर्टिफिकेट मिळून जाईल.” बस, एवढंच.

सरकारी दवाखान्यातले सर्जन मी पहिल्यांदा गेले तेव्हा रजेवर होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होते, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या दारात एवढी गर्दी होती की माझा नंबर लागायला जेवणाची वेळ उलटली. त्यांनी डाग पाहिला, बोट फिरवलं.

“कशाचा आहे?”

“गरम दुधाचा.”

“हे दुधाचं नाही. दूध पसरते, असं रेघ मारून जात नाही. मले तं टाके दिसून राहिले. ऑपरेशन झालंच नाही असं मी कसं लिहून देऊ? लहानपनी जिथं दाखवलं तिथले कागद आना.”

म्हणजे ऑपरेशन झालं नाही हे सिद्ध करायला ऑपरेशनचे कागद. मी त्यांच्याशी भांडले. शिपायानं मला बाहेर काढलं नाही, पण तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

लहानपणी, नऊ महिन्यांची असताना, मी आईबरोबर अकोल्याला मामाकडं होते. डाग तिथलाच. म्हणून मी अकोल्याला निघाले, आणि आई म्हणाली, “मी पण येते.” बडनेऱ्याहून गाडी धरली. अख्ख्या वाटेत ती खिडकीबाहेर पाहत होती. मी बोलत होते. सर्जनला शिव्या, तपासणीच्या बोर्डाला शिव्या, मधेच दुधाला पण शिव्या घालून झाल्या.

मामाचं घर जठारपेठेत. तिथून जवळच एका बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना होता, त्याला मला तेव्हा दाखवलं होतं असं आई म्हणाली. दवाखान्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. डॉक्टर वारले. त्यांच्या मुलाचा पत्ता काढला, तर तो बिचारा इंजिनिअर निघाला. म्हणाला, जुनी रजिस्टरं रद्दीत गेली, आणि असती तरी कोणत्या नावानं शोधणार? मी त्याला वर्ष सांगितलं, महिना सांगितला. तो हसला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी त्याला धन्यवादसुद्धा न म्हणता जिना उतरले.

खाली आई नव्हती. परतले तर ती मामाच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बंद दारापाशी उभी होती. मामा म्हणाला, “ते बुढी तं कधीचीच गेली, ताई.” आईनं मान हलवली. कोण बुढी, मी विचारलं नाही. मला कुणाच्या म्हाताऱ्या मोजायला वेळ नव्हता, माझे चार आठवडे संपले होते.

अकोल्याच्या दोन खाजगी सर्जननी तपासायची फी घेऊन सांगितलं की सर्टिफिकेट सरकारीच लागेल. हे मला फी न देताही माहीत होतं.

शेवटी बाबांनी त्यांचा उपाय काढला. वकिलाला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध माहीत असतं, प्रतिज्ञापत्र. एका रविवारी दुपारी, कूलर घरघरत असताना, त्यांनी स्टँपपेपर टेबलावर ठेवला. टाईप करून तयार. मी खाली सही करणार शपथेवर लिहून देते की माझी मुलगी नऊ महिन्यांची असताना तिच्या पोटावर गरम दूध सांडले, व तिची कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नाही.

“कर सही,” बाबा आईला म्हणाले. “हे दाखवलं की तो सर्जन नाही कसा म्हणतो पाहू.”

आईनं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली.

आम्हाला वाटलं, तिला एखादी तारीख चुकलेली दिसली असेल. बाबा चष्मा शोधायला लागले.

“दूध नाई सांडलं,” आई म्हणाली. शाळेत आणि आमच्याशीही ती पुस्तकी बोलायची, पण त्या दिवशी तिच्या तोंडून माहेरची बोली आली. “तीन दिवस तू अंगावरचं दूध फेकून राह्यली होती. पोट नगाऱ्यावानी. डॉक्टरनं बाटली देल्ली, म्हने होईन बरं. झालं नाई. समोरची बुढी आली, म्हने बिब्बा लावून देतो, उतरन पोट. सुई तापवली. मी तुले मांडीवर घट्ट धरलं. दोन्हीकून ठिपके देल्ले तिनं. मंग तू हालली, अन् तेल ओघळलं. मीच धरलं होतं तुले. माह्याच हातानं.”

बिब्ब्याचं तेल कातडीवर उतरलं की फोड येतात आणि डाग जन्मभर राहतो. हे मी तिच्याच तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, लाल रंगात.

मला बिब्ब्याचा राग आला नाही, हे आज प्रामाणिकपणे सांगते. राग आला तो अकोल्याचा. “मग मला अकोल्याला कशाला नेलं?” मी ओरडले. “त्या इंजिनिअरच्या दारात कशाला उभं केलं? पाच आठवडे गेले माझे! पाच!”

“वाटलं, कोनी तरी लिहून देईन. मले सांगाव लागनार नाई.”

“मले काहून नाई सांगितलं तेव्हा?” बाबांनी विचारलं.

“सांगून काय केलं असतं तुमी? अन् नंतर कोन्या तोंडानं सांगत? गावोगाव भाषणं देत फिरून राह्यली होती मी.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “वाटलं, पोरीचं पोट कोन पायते.”

बाबांनी तो टाईप केलेला कागद उचलला, आडवा फाडला आणि दुसरा घेतला. रोज कोर्टात लोकांचं खोटं मांडणारा माणूस, पण त्या दुपारी त्यांनी त्यापुढे एकही प्रश्न विचारला नाही. “सांग, लिहितो,” एवढंच म्हणाले. मी दार आपटून आतल्या खोलीत गेले. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता, ती सांगत होती आणि ते लिहीत होते. मधेच बाबा म्हणाले, “इतकं लिहायची गरज नाही.” ती म्हणाली, “लिहा.”

सोमवारी मी एकटीच सर्जनकडं गेले. बिब्बा म्हटल्याबरोबर त्यांनी कपाळावर हात मारला. “अवो, मंग आधी सांगाचं न! असे पोटं रोज पाह्यतो मी इथं.” दोन ओळी लिहून त्यांनी सही ठोकली. पाच आठवडे जे मिळत नव्हतं ते चहा थंड व्हायच्या आत मिळालं. अर्थात जावक क्रमांक टाकणारा बाबू लग्नाला गेला होता, म्हणून शिक्का बुधवारी बसला. बुधवारी बसला हेच नशीब.

त्या रविवारपासून मी आईशी कामापुरतं बोलत होते. जेवायला वाढलं की जेवत होते. दिल्लीला निघताना तिनं फाईल स्वतः लावली, सर्वांत वर प्रतिज्ञापत्र, नोटरीच्या शिक्क्यासकट. बडनेऱ्याच्या फलाटावर ती एवढंच म्हणाली, “डॉक्टरांना म्हणावं, पूर्ण वाचा.” मी फाईल बॅगेत घातली आणि गाडीत चढले. वाटेत मी तो कागद उघडला नाही, हट्टानं.

दिल्लीचे सर्जन वयस्कर होते. त्यांनी झोपवलं, डागावर दोन बोटं ठेवली, मान उचलायला सांगितली, खोकायला सांगितलं. कातडी चिमटीत धरून इकडून तिकडं हलवली.

“चमड़ी में है. अंदर कुछ नहीं.”

मला बूट काढायला याहून जास्त वेळ लागला होता. त्यांनी अमरावतीच्या सर्टिफिकेटवरचा शिक्का तेवढा पाहिला, आणि आईचं प्रतिज्ञापत्र घडीही न उलगडता फाईलमधून काढून माझ्या हातात दिलं.

“ये घर का काग़ज़ है, बेटा. आप रखिए.”

मी म्हटलं, सर, पूर्ण वाचायचं होतं. पण ते खूप हळू म्हटलं असणार, कारण त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं होतं. फॉर्मवर “पात्र” लिहिलं गेलं. पुढं यादी लागली, त्यात नाव आलं, मी गेले. पण त्या दिवशी मला आनंद झाला नाही. मी बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसले आणि तो कागद पहिल्यांदा उघडला.

बाबांची भाषा होती, शपथेवर, वगैरे, सदर. पण त्यात कुणीही वकील लिहिणार नाही अशा ओळी होत्या. मी मुलीला स्वतःच्या हातांनी घट्ट धरून ठेवले होते. मी तेव्हा विज्ञानाची पदवीधर होते. आणि सर्वांत खाली, सहीच्या अगदी वर: या डागात माझ्या मुलीची काही चूक नाही, जी आहे ती माझी आहे, तरी तिला यासाठी अडवू नये ही विनंती.

आईच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत मी तिला फोन लावला. पात्र झाले, मी सांगितलं. मग तिनं विचारलं,

“वाचला का त्यांनी?”

कागद माझ्या मांडीवर होता.

“वाचला,” मी म्हटलं. “पूर्ण.”

“काय म्हटलं?”

मला तेवीस वर्षं गरम दूध सांगितलं होतं तिनं, आणि मी ते सगळ्या जगाला सांगत फिरले होते. माझ्या वाट्याला एक खोटं यायला हरकत नव्हती.

“म्हणाले, आईला सांगा, लेकरू रडत असलं की कुणीही धरलं असतं. तुमची चूक नाही.”

पलीकडं सुट्टी संपल्याची घंटा झाली. पोरं वर्गात पळत असल्याचा आवाज आला.

“तास आहे माझा,” आई म्हणाली. पण तिनं फोन ठेवला नाही.