दाराशी उभा केलेला मेढा

आंधळगावात पोळ्याच्या संध्याकाळी घरोघर दाराशी पळसाची फांदी उभी करतात. तिला मेढा म्हणतात. दुसऱ्या दिवशी दिवस निघायच्या आत घरचं माणूस तो उचलतं, "खोकला, रोगराई घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत शिवेवर नेऊन फेकतं आणि मागं न पाहता परततं. वर्षाचं दुखणं गावाबाहेर गेलं.

१९७६ साली देवकाबाईची सात वर्षांची फुलवंता तो मेढा परत घेऊन आली.

शिवेवर दीडशे फांद्यांचा ढीग होता. त्यातून तिनं नेमकी आपल्या घरची उचलली आणि दाराच्या डाव्या अंगाला, होती तिथं, होती तशीच टेकवली. मग ओट्यावर बसून डोलायला लागली. सडा टाकणाऱ्या देवकाबाईच्या सासूच्या, बायजाबाईच्या हातून बादलीच पडली.

"मायबाई! देवका, पाह्यलं का तुह्या लेकीचं? फेकलेला रोग घरात आणला!"

"बोलता येत नाही," शेजारची चंद्रभागाबाई कुडावरून म्हणाली, "पण आपला रोग बरोबर वळखते हो."

फुलवंता बोलत नसे, हाकेला बघत नसे. पण घरातलं फुलपात्र वीतभर सरकलं तरी तिला कळे आणि ती ते जागेवर नेऊन ठेवी. आता अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. तेव्हा गावात 'येडी' हा एकच शब्द होता.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा मेढा आणला. तिसऱ्या वर्षी बाप तुलारामनं तिला पहाटेच गुरांच्या कोठ्यात कोंडलं. तिनं दारावर कपाळ आपटून फोडून घेतलं. दुपारी दार उघडल्यावर ती रक्ताळलेल्या तोंडानं थेट शिवेवर गेली आणि मेढा घेऊन आली. त्याच दिवाळीत बायजाबाईला लकवा मारला. मग ते कुणामुळं, हे कुणी विचारायचं उरलं नाही.

तुलाराम वाईट माणूस नव्हता. याच पोरीला खांद्यावर बसवून तो मोहाडीच्या वैद्याकडे गेला होता, भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टरनं मान वर न करता 'वाढेल तशी सुधारेल' म्हटलं होतं. उन्हाळा लागला तसा तो म्हणाला, "जंगलापलीकडं एक मठ आहे. अशायले ठेवतात तिथं. पाऊस लागायच्या आत नेऊन देतो."

त्याच उन्हाळ्यात घरातलं पाण्याचं मडकं फुटलं. फुलवंता मडक्याच्या रिकाम्या चुंबळीशी दिवसभर बसून राहिली, भाताला शिवली नाही. दुसऱ्या दिवशी नवं मडकं चुंबळीवर बसलं तशी उठली आणि जेवायला बसली. देवकाबाई भात वाढता वाढता थांबली.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अजी, तिले मेढा नाही पाहिजे. जागा खाली दिसली का तिचा जीव घाबरते. मेढा उचलला का तिथं खराटा उभा करू. एक डाव करून तर पाहा."

"माय मरून राहिली अन् तू खराटा उभा कर म्हणतं!"

"एक डाव फक्त."

"तीन डाव पाह्यलं मी."

खाटेवरून बायजाबाईचा वाकडा झालेला आवाज आला, "ने तिले." मग बऱ्याच वेळानं, "कांबळं दे तिच्यासंग. थंडीत उघडी निजते."

फुलवंता गेली. पोळ्याला मेढा गेला तो गेलाच, परत आला नाही. माघात बायजाबाईही गेली.

तेरवी झाल्यावर तुलाराम दोन दिवस ओट्यावर बसून होता. तिसऱ्या दिवशी न सांगता निघाला आणि पोरीला घेऊन आला. कांबळं नव्हतं. तिच्या दोन्ही घोट्यांभोवती साखळीच्या वळांची काळी कडी उमटली होती. देवकाबाईनं तेल लावलं, तर तिनं पाय ओढूनही घेतला नाही. दिलं ते खाल्लं, बसवलं तिथं बसली. फुलपात्र पालथं पडलं होतं, तिकडं पाहिलं नाही.

"सुधरली व पोरगी!" चंद्रभागाबाई म्हणाली. "कशी चूप बसते पाह्य."

पुढच्या पोळ्याला तुलारामनं मेढा उचलला आणि बायकोकडे पाहिलं. "खराटा ठेवतं का?"

"नाही," देवकाबाई म्हणाली. तिनं ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली आणि ओट्यावर लेकीशेजारी बसली. ऊन अंगणात आलं, ओट्यावर चढलं. फुलवंता उठली नाही.

दुपारी देवकाबाईच शिवेवर गेली. ढिगाशी उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं, सगळ्या फांद्या सारख्याच होत्या. पानं सुकलेली, साल सोललेली. आपली कोणती, तिला ओळखता येईना. तीन वर्षं पोर ती कशी ओळखत होती कोण जाणे. शेवटी हाताला लागली ती तिनं उचलली. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. तुलाराम वाटेतून बाजूला झाला.

तिनं फांदी डाव्या अंगाला टेकवली.

"फुला, पाह्य व."

ती फांदी दुसऱ्याच कुणाच्या घरची होती. पहिली फुलवंता असती तर तिला एका नजरेत कळलं असतं, तिनं ती उचलून फेकली असती. देवकाबाई तेवढ्याचीच वाट पाहत उभी राहिली.

फुलवंता आपल्या घोट्याकडं पाहत होती.