सुखदेवकाकांची अडतिसावी पुंगळी

सुखदेवकाकांनी इंग्लंडमधल्या स्लाऊ गावी कारखान्याच्या टूलरूममध्ये अचूक मापाचे साचे आणि हत्यारं बनवण्यात चौतीस वर्षं काढली. केसाएवढा फरकही त्यांच्या अंगठ्याच्या नखाला कळतो, असं शूटिंग क्लबात सगळे म्हणायचे. मृणालला ती थाप वाटायची.

मृणाल हॉस्पिटलात एक्स-रे काढते. नेमबाजीचं वेड लागलं खरं, पण तयार काडतुसं परवडेनात. घरी भरायची तर पितळी पुंगळीत गोळी दाबून बसवणारा प्रेस हवा. तिचा जीव जडला होता एका चकचकीत, भराभर काडतुसं ओकणाऱ्या मशीनवर. काकांनी नाक मुरडलं आणि क्लबातल्या एका म्हाताऱ्या मेंबरच्या शेडमधून गंजका, बिडाचा, एका वेळी एकच काम करणारा प्रेस शोधून काढला. दांडा वर-खाली केला, नख टेकवलं, डोळे मिटले.

"घे. अजिबात डुगडुगत नाही."

"पण काका, हा किती स्लो आहे!"

"म्हणूनच घे. प्रत्येक पुंगळी हाताखालून जाते. आणि स्वस्तही आहे."

शनिवारी अकरा वाजता काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, टीमसाठी निवडीची ट्रायल होती. मृणालने त्यासाठी दोन वर्षं वाट पाहिली होती. आठवडाभर शिफ्ट, म्हणून त्याच दिवशी सकाळी सातला दोघं काकांच्या गॅरेजमध्ये कामाला लागली. काकांनी पन्नास पितळी पुंगळ्यांत मोजून बंदुकीची दारू घातली. आता वर शिशाच्या गोळ्या बसवल्या की झालं. तेवढ्यात काकांचा हात थांबला.

"काकूने मघाशी चहाला हाक मारली, तेव्हा मी कितव्या पुंगळीवर होतो गं?"

"सदतीस? अडतीस? काका, बहुतेक बरोबरच असेल. ऑलरेडी लेट होतंय!"

"बहुतेक?"

त्यांनी वजनकाटा पुढे ओढला आणि पहिल्यापासून एकेक पुंगळी रिकामी करून तोलायला घेतली. मृणाल घड्याळाकडे बघत मनातल्या मनात चरफडत होती. म्हाताऱ्याला नेमकं आजच काय सुचलंय!

अडतिसाव्या पुंगळीत दुप्पट दारू निघाली.

ते काडतूस ट्रायलमध्ये तिच्या गालाशी फुटलं असतं. खरं तर तिचं लक्ष घड्याळात होतं. काकांनी मुकाट्याने ती दारू डब्यात ओतली असती तर तिला पत्ताही लागला नसता. पण त्यांनी पारडं उचलून तिच्यासमोर धरलं.

"हे माझ्या हातून झालं. नीट बघून घे."

पन्नासही पुंगळ्या तोलून पुन्हा भरेपर्यंत अकरा वाजून गेले आणि ट्रायल हुकली. रविवारी क्लबाच्या फळ्यावर काकांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी लागली: तारीख, दुप्पट दारू, चूक माझी, आणि खाली सही. मृणाल ती वाचत कितीतरी वेळ उभी राहिली. चूक दुसऱ्याच्या माथी मारणारे मोठमोठे लोक तिने पाहिले होते. इथे बहात्तर वर्षांच्या माणसाने जन्मभराचं नाव स्वतःहून पणाला लावलं होतं.

काका कोपऱ्यात एकटेच बसले होते. कोणी त्यांच्याशी फारसं बोलत नव्हतं. ती खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली.

"काका, पुढच्या वर्षीच्या ट्रायलला माझी काडतुसं तुम्हीच भरायची."