आवाज मधोमध हाय की

टॉवेलच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेली. निवृत्त झालो की एक भारी ॲम्प्लिफायर घ्यायचा आणि कानांचे लाड पुरवायचे, असं कधीचं ठरवलं होतं. दुधनीचा माझा मित्र असल्या यंत्रांचा दर्दी. त्यानं दोन ॲम्प्लिफायर पारखायला घरी आणले, एक काचेच्या व्हॉल्व्हचा आणि एक ट्रान्झिस्टरचा.

आधी व्हॉल्व्हचा जोडून गाण्याची रेकॉर्ड लावली. तंबोरा काय गोड भरला होता! पण गाणारी बाई दोन स्पीकरच्या मधोमध बसल्यासारखी ऐकू यायला हवी, ती डावीकडे सरकलेली. हा नापास, मी म्हटलं. दुसरा लावला. तबला जास्त स्वच्छ, पण बाई डावीकडेच.

"मधोमध हाय की," मित्र म्हणाला. "तुला कुटं ऐकू येतंय?"

मी त्याच्यावरच उखडलो. मग स्पीकरच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. दोष यंत्रात असता तर आवाज उजवीकडे गेला असता. तो जागचा हलला नाही.

खुर्ची फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसलो. मित्र हसला, "ही लई नवीन रीत हाय बाबा!" मला हसू येईना. खुर्चीबरोबर बाईही फिरली होती, पुन्हा माझ्या डाव्या कानाशी. दोन्ही यंत्रं निर्दोष होती.

उठून माझा रोजचा जुना ॲम्प्लिफायर पाहिला. त्याला डावा-उजवा आवाज कमीजास्त करायचं बटण आहे, या नव्यांना नाही. ते बटण बरंच उजवीकडे गेलेलं. माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. म्हणजे मीच थोडं थोडं फिरवत आलो होतो, आणि मला पत्ता नाही. मी घाबरलो, खरंच घाबरलो. कारखान्यातले जुने कामगार आठवले. समोरच्याच्या ओठांकडे बघत बसायचे आणि सगळे हसून झाले की मग हसायचे.

"मग, कुटला ठेवू?" मित्रानं विचारलं. उद्या सांगतो म्हणून त्याला वाटेला लावलं.

बायको चहा घेऊन शेजारी बसली. मी कप खाली ठेवला.

"उजवा कान दाखवून यावा म्हणतो," मी म्हणालो.

"चला की," ती म्हणाली. "वर्ष झालं, मी तुमच्या डाव्या बाजूलाच बसतेय. सांगितलं असतं तर चिडला असता."