डाव्या चाकाजवळ बसलेला माणूस

नोकरीत खून, दरोडे बरेच पाहिले. पण ज्यात शेवटी गुन्हाच घडला नव्हता, अशी एक घटना आजही मनातून गेलेली नाही.

मी तेव्हा मुळशी तालुक्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. कोळवण खोऱ्यातल्या एका गावात दोन सख्खे भाऊ शेजारशेजारी राहत. रस्त्याकडेचं सामाईक भातखाचर पुण्याच्या माणसाला फार्महाऊससाठी विकायचं, हा थोरल्याचा हट्ट. धाकटा सही करत नव्हता. त्यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद झालं होतं.

एका सकाळी थोरल्याची जुनी मोटार उतारावरच्या वळणावर रस्ता सोडून खाली शेतात गेली. त्याचा खांदा मोडला, शेजारी बसलेल्या बायकोच्या कपाळाला टाके पडले. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडीचं पुढचं डावं चाक मुडपून आडवं पडलं होतं. पंचनामा करून गाडी ठाण्याच्या आवारात आणली.

दुपारी गावातला एक इसम ठाण्यात आला. "सायेब, थोरला काल गावात नव्हता. तवा धाकला गाडीला जॅक लावून त्याच चाकाशी खटपट करीत हुता. म्या डोळ्यानं बघितलं."

दवाखान्यात थोरल्याला हे कळताच तो उठून बसला. "माझ्या जिवावर उठलाय त्यो! नट त्यानंच ढिलं केलं. लिवून घ्या."

वैर होतं, संधी होती, साक्षीदार होता. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल करायला एवढं पुरे, असं आमच्या हवालदारांचं मत पडलं. खरं सांगायचं तर माझंही. धाकट्याला चौकशीसाठी बोलावलं.

"चाकापाशी बसला होतास?"

"व्हय."

"नट ढिले केलेस?"

"न्हाई."

"मग जॅक कशाला लावला?"

"बघत हुतो."

"काय बघत होतास?"

पुन्हा पुन्हा विचारलं, आवाज चढवला. शेवटी तो एवढंच म्हणाला, "तुमाला काय लिवायचं ते लिवा."

हे मला खटकलं. अपराधी माणूस सहसा कारणांची रास घालतो. ह्याच्याकडे एकही कारण नव्हतं. फाटकाशी थोरल्याच्या बाजूची माणसं जमली होती, अटक कधी करता म्हणून विचारत होती. मी मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी होईपर्यंत थांबायचं ठरवलं.

ते आले, चाकाशेजारी बसून सगळं बारकाईने पाहिलं आणि मला बोलावलं. चाक गाडीखालच्या आर्मला, म्हणजे दांड्याला, जोडणारा बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्याचा सांधा, त्यांनी दाखवला. वरचं रबर कधीचं फाटलेलं, आत माती शिरून सांधा झिजलेला, त्यातून गोळाच निसटला होता. चाकाचे नट मात्र घट्ट होते आणि या सांध्याचा नटही जागच्या जागी होता. त्यावरचा गंजही शाबूत होता, पान्याचा ओरखडा नव्हता. टायरची आतली कडा घासून गुळगुळीत झाली होती.

"हे एका दिवसात होत नाही," ते म्हणाले. "गतिरोधकावर खटकन आवाज येत असणार, वळताना कटकट. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढत असणार. आत बसणाऱ्याला कळलं नाही, हे शक्य नाही."

आत बसणारे दोघेच; थोरल्याने आवाजाचं नावही काढलं नव्हतं, उरली त्याची बायको. तिला टाके घालून घरी सोडलं होतं. महिला शिपायाला घेऊन मी तिच्याकडे गेलो. आवाजाचं विचारलं तर "मला न्हाई म्हाईत," म्हणून तिने तोंड फिरवलं. मग तिने बोलावं म्हणून मी मुद्दामच सांगितलं, तुमच्या दिराला आज अटक होईल.

"भावजींना? कशापायी?"

साक्षीदाराने काय पाहिलं ते मी तिला सांगितलं.

"म्याच सांगितलं हुतं त्यांना बघाया. गाडी लई वाजायची. त्यांनी चाक हलवून बघितलं. म्हनले, वैनी, सांधा सुटायला आलाय, दादाला गाडी काढू देऊ नगा. राती हे आल्यावर म्या सांगितलं, तर त्याच्याशी बोललीच कशी, म्हनून माझ्यावरच हात उचलला."

"मग तुम्ही गाडीत बसलात कशाला?"

"एकल्याला कसं जाऊ द्यायचं, सायेब?"

"हे जबाबात लिहू?"

तिने कपाळावरची पट्टी चाचपली. "लिवा. फुडचं माजं मी बघीन."

ठाण्यात येऊन धाकट्याला विचारलं, हे आधीच का नाही बोललास? तो म्हणाला, "वैनीचं नाव निघालं असतं."

थोरल्याला जबाब वाचून दाखवला. भिंतीकडे तोंड करून तो पुटपुटला, "जुन्या गाड्या समद्याच वाजत्यात." बायकोवर पुन्हा हात उचललास तर त्याची तक्रार मी स्वतः लिहून घेईन, अशी समज मी त्याला दिली. महिला शिपाई पुढे बरेच दिवस त्या घरी चक्कर मारत असे.

प्रकरण अपघात म्हणून बंद झालं. भावांची दिलजमाई झाली असं मी म्हणणार नाही. खाचराचा वाद दिवाणी न्यायालयात गेला. पण त्यानंतर वहिनी दिराशी अंगणात, सगळ्यांदेखत बोलू लागली, असं त्या महिला शिपायाने सांगितलं.

तो साक्षीदार खोटं बोलला नव्हता. त्याने पाहिलं तेवढं खरंच होतं. पुढचं आम्ही जोडलं. त्यानंतर जबाब घेताना पाहिलेलं आणि वाटलेलं मी वेगळं लिहून घेऊ लागलो. आणि समोरचा माणूस तोंड उघडत नसला, तर तो काय लपवतोय याच्याआधी तो कुणासाठी गप्प आहे, हे शोधू लागलो.