मिक्सर कॅटेगरी ‘सी’त गेला तेव्हा

शिट्टी वाजली. काटोलकर काकांनी हॉलमध्ये उभं राहून जाहीर केलं, “पावर फेल! सगळे आपापल्या जागेवर!”

सगळे म्हणजे काकू आणि मी. सकाळचे अकरा वाजले होते आणि लाईट व्यवस्थित होती.

“गेली असं समजायचं,” काका म्हणाले. “मॉक ड्रिल.”

काका प्लांटमधून सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. स्मृती नगर या त्यांच्या वसाहतीत उन्हाळ्यात लाईट जाते म्हणून त्यांना छतावर सोलर आणि खाली बॅटरी बसवायची होती. मी घरगुती सोलरचं काम करते. नोकरी सोडल्यावर मिळालेली ही माझी पहिलीच ऑर्डर.

या कामात आधी लोडची यादी करतात. लाईट गेल्यावर घरात काय काय चालू राहिलंच पाहिजे, ते ठरवायचं. मी काकांना तेवढंच सांगितलं होतं. त्यांनी प्रत्येक वस्तूमागचे वॉट वाचून तीन कॅटेगरी पाडल्या आणि कागद भिंतीला चिकटवला. ‘ए’मध्ये फ्रिज, पंखे, टीव्ही आणि त्यांच्या खोलीतला कूलर. ‘सी’ म्हणजे नॉन-इसेन्शियल. त्यात गीझर, इस्त्री आणि मिक्सर.

मी बोर्डाला मीटर लावला आणि रीडिंग घ्यायला बसले. काका कूलरसमोर टीव्ही पाहायला बसले.

थोड्या वेळाने काकू भिजवलेल्या डाळीचं पातेलं घेऊन आल्या. “अहो, आज वडाभात करून राहिली मी. पाच मिनिटं मिक्सर लावू द्या.”

“परमिटशिवाय नाही. लेखी अर्ज दे.”

काकूंनी खरंच अर्ज लिहिला. विषय: डाळ वाटणेबाबत. काकांनी चष्मा लावून तो वाचला आणि खाली शेरा मारला, ‘रिजेक्टेड.’

“कावून?”

“सहाशे वॉट! माझा कूलर दोनशेचा आहे. हिशेब बघ जरा.”

काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पोथी घेऊन बसल्या.

एक वाजला. काकांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. गॅस बंद. “जेवायचं काय?”

“सैपाक नॉन-इसेन्शियल हाय ना? मंग जेवण बी नॉन-इसेन्शियल. अर्ज द्या, पाहतो.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आन् तू बी आयक बाई. थे बॅटरी-फॅटरी मले घरात नाई पाहिजे.”

माझी पहिलीच ऑर्डर हातातून निसटत होती. मी घाईघाईने मीटर उचलला.

“काका, थोडं ऐका. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी आणि इन्व्हर्टर म्हणजे तिची तोटी. मिक्सरला मोठी धार लागते, पण पाचच मिनिटं. तुमच्या कूलरची धार बारीक आहे, पण ती सकाळपासून बंदच झालेली नाही.”

“म्हणजे?”

“कूलर पंधरा मिनिटांत जेवढी वीज खातो, तेवढ्यात काकूंची सगळी डाळ वाटून होते. तुम्ही दोन तास कूलरपुढे बसलात. तेवढ्या विजेत आठ वेळा डाळ वाटून झाली असती.”

काकांनी मीटर हातात घेतला. खालून पाहिला, वरून पाहिला. “मीटर बरोबर दाखवतो ना? कॅलिब्रेटेड आहे का?”

“आहे.”

“पक्का?”

“आता थो मीटर रिजेक्ट करता का?” काकूंनी विचारलं.

काकांनी भिंतीवरचा कागद काढला, पेन घेतलं आणि मिक्सर ‘ए’त लिहिला. काकूंनी त्यांच्या हातातून पेन घेऊन कूलर ‘बी’त टाकला. म्हणजे बॅटरी अर्ध्याच्या वर असेल तरच चालणार. गीझर आणि इस्त्री होती तिथेच राहिली. त्या यादीवरून मी मिक्सरची धार झेलेल एवढा इन्व्हर्टर आणि रात्रभर पुरेल एवढी बॅटरी हिशेबात धरली. मग मिक्सर लागला. आम्ही तीन वाजता जेवलो. काकांनी दोनदा भात घेतला आणि एकदाही शिट्टी वाजवली नाही.

सिस्टीम बसली, चांगली चालते आहे. काकांनी शेजाऱ्यांनाही धार आणि टाकी समजावून सांगितली. हिशेब त्यांनीच शोधून काढला असं शेजारी समजतात. त्यातून मला आणखी दोन कामं मिळाली, म्हणून मी गप्प आहे.

आता नवीन घरी गेले की वॉट-युनिटचं नंतर काढते. आधी विचारते, इथे स्वयंपाक कोण करतं? आणि यादीवर पहिली सही त्यांची घेते.